रिफायनरीची ऑर्डर की अणुवीज केंद्राची?

माझ्या भाच्याचं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. सध्या त्याच्याकडे दोन एन्क्वायऱ्या आल्यात: एक रिफायनरीच्या हीट एक्स्चेंजरची, दुसरी नव्या अणुवीज केंद्राला लागणाऱ्या स्टेनलेस टाक्यांची. "मामा, दर दुसरीला बरा मिळतोय," म्हणाला. मी बडोद्यात वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य घालवलं, म्हणून मला विचारलं.

वेल्डिंगचं म्हणाल तर फार फरक नाही. चांगला वेल्डर दोन्हीकडे चालतो, एक्स-रे फिल्मही दोन्हीकडे निघते. फरक पडतो चूक झाल्यावर. एका शॉपमध्ये प्लेट कापली आणि हीट नंबरचा, म्हणजे प्लेट कुठल्या ओतकामातली ते सांगणारा, शिक्का गेला भंगाराच्या तुकड्यावर. उरलेली प्लेट पोरकी. रिफायनरीचं काम असतं तर ग्रेड तपासून, कन्सल्टंटला पटवून कदाचित निभावलं असतं. हे अणूचं काम होतं. ग्रेड तपासता येतो, पण प्लेट नेमकी कुठल्या ओतकामातली हे मशीन सांगत नाही. प्लेट बाद. एनसीआर, म्हणजे चुकीची लेखी नोंद, मिटेपर्यंत बिलही अडकलं.

हा जाच वाटतो खरा. पण फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल अणुवीज केंद्राच्या नव्या अणुभट्टीचं बघा. २००७ला काम सुरू झालं, २०१२ला वीज यायची होती, ती ग्रिडला मिळाली डिसेंबर २०२४मध्ये. अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि बुडात कार्बन जास्त निघाला. वाफेच्या मुख्य पाइपांचे आठ सदोष जोड अणुभट्टीभोवतीच्या कवचाच्या दोन भिंतींमध्ये अडकलेले. २०१९मध्ये नियामकाने ते दुरुस्त करायला लावले. हात पोचेना, रोबोट आणावे लागले. शॉपमध्ये जो जोड अर्ध्या दिवसात उकरून पुन्हा भरला असता!

कोरियातलं प्रकरण मला जास्त झोंबलं. २०१३मध्ये तिथे सुरक्षेच्या केबलींचे टेस्ट रिपोर्टच बनावट निघाले. चालू अणुभट्ट्या बंद करून केबली बदलाव्या लागल्या. आपल्याकडे १९९४मध्ये कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राच्या घुमटाचं आतलं काँक्रीट बांधकाम चालू असतानाच कोसळलं. तिथे मूळ दुखणं डिझाइनचं होतं, त्याचा दोष वेल्डरच्या माथी मारता येणार नाही.

पैशाचं थोडक्यात: रिफायनरीचा माल गेला की पुढचं काम घेता येतं. अणूच्या कामात होल्ड पॉइंटला, म्हणजे तपासणीशिवाय पुढे जाता येत नाही अशा टप्प्याला, इन्स्पेक्टर येईपर्यंत जॉब तसाच पडून राहतो, आणि कागद केंद्राच्या आयुष्यभर जपावे लागतात.

रविवारी त्याच्या शॉपवर चक्कर मारली. स्टेनलेस आणि साधं स्टील एकाच शेडमध्ये, ग्राइंडिंगची चाकंही तीच. साध्या स्टीलवर घासलेलं चाक स्टेनलेसला लावलं की लोखंडाचे कण चिकटतात आणि तिथून गंज धरतो. क्लोराइडही स्टेनलेसला खातं, म्हणून अणूच्या कामात मार्करची शाईसुद्धा क्लोराइड तपासलेली लागते. ह्याच्याकडे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतला मार्कर. मध्ये भिंत घालून वेगळी शेड करायला त्याला दिवाळी उजाडेल. तोवर रिफायनरीचं घे, असं सांगून आलोय.