रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी की कूलंट?

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो, तेव्हा ही निवड गाडीच्या जिवावर बेतते. बोअरचं पाणी फुकट, पण आपल्याकडं ते बहुतेक ठिकाणी जड. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, वाट अरुंद होते, तापमानाचा काटा चढतो. पुढं हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं की खर्च हजारांत.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरायचं खास द्रव, विकत घ्यावं लागतं. पण डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तर 100 अंशांवरही लगेच उकळत नाही, गंजही रोखतं. माझं मत कूलंटलाच. रस्त्यात अडलात तर साधं पाणी चालेल, मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. आणि घरी पोचल्यावर ते पाणी काढून पुन्हा कूलंट भरून घ्या.