कोट्टियूरच्या वैशाख महोत्सवाचं बेळगावातून ग्रुप पॅकेज: नक्षत्र बरोबर साधलं, वार चुकला

पहिलं मार्क सांगतो, पाचपैकी साडेतीन. त्यातले दीड आचाऱ्याचे, दीड तारखेचे आणि उरलेला अर्धा ड्रायव्हर मामांचा. मालकाला वेगळं काही द्यायची इच्छा नाही. ट्रॅव्हल्सचं नाव लिहीत नाही, कारण शहापूर म्हणा खानापूर म्हणा निपाणी म्हणा, सगळीकडं हेच पॅकेज थोड्याफार फरकानं विकायला लागलेत, बोर्डावर सौंदत्ती, तिरुपती, शबरीमला होतंच, आता खाली कोट्टियूर चिकटवलंय. कन्नड व्हिडिओ बघून बघून आपल्याकडच्या बायका विचारायला लागल्या आणि यांनी गाड्या काढल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोट्टियूर केरळात कण्णूर जिल्ह्यात, घाटाच्या जंगलात, बावली नदीच्या काठावर. नदीच्या एका बाजूला इक्करे, ते नेहमीचं बांधलेलं देऊळ. दुसऱ्या बाजूला अक्करे, ते फक्त या उत्सवापुरतं उघडतं, एरवी तिकडं जंगल आणि शांतता. आणि अक्करेला देऊळ म्हणून शोधायला गेलात तर सापडणार नाही, गाभारा नाही की कळस नाही, गोट्यांचा चौथरा आहे, त्याला मणित्तरा म्हणतात, त्यावर स्वयंभू लिंग, आणि भोवती पानांनी शाकारलेल्या खोपी. दक्षाचा यज्ञ इथंच झाला अशी श्रद्धा, सतीनं देह टाकला ती जागा वेगळी दाखवतात. आमच्या गाडीत चिकोडीकडची दोन घरं होती, येडूरच्या वीरभद्राला, म्हणजे दक्षाचा यज्ञ मोडणाऱ्या देवाला मानणारी, त्यांना कुणी कथा सांगायची गरजच पडली नाही, उलट तेच सगळ्यांना सांगत बसले.

आता तारखेचं, कारण या यात्रेत निम्मं प्लॅनिंग म्हणजे तारीखच. उत्सव स्वाती नक्षत्राला सुरू होतो आणि पुढं चित्रेला संपतो, २०२५ साली ८ जून ते ४ जुलै असा होता. नाव वैशाख असलं तरी आपल्या पंचांगात तेव्हा ज्येष्ठ-आषाढ चालू असतो, त्यामुळं अक्षय्य तृतीयेच्या आसपास चौकशी करणाऱ्यांचा घोटाळा होतो. आणि बायकांना उत्सवाचे सगळेच दिवस आत जाता येतं असं नाही. सुरुवातीला तुपाचा अभिषेक, मग मणत्तणा गावातून देवाची भांडी-दागिने वाजतगाजत येतात, ते आत पोचले की मग बायकांना प्रवेश, तो पण मघा नक्षत्राच्या दुपारपर्यंतच. त्यानंतर बायका नाहीत, हत्ती सुद्धा नाहीत. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक ग्रुप दुसऱ्या कुणाकडून गेला होता, मघा उलटल्यावर पोचला, बायका एवढ्या लांब जाऊन नदीच्या अलीकडं बसून आल्या. आमच्या माणसानं मात्र बुकिंग घेतानाच सांगितलं, अक्का, या या तारखांत जायचं असेल तर सीट धरतो, नाहीतर पैसे घेत नाही. हे मानलं पाहिजे.

शिवाय आपल्याकडचा हिशेब त्याला बरोबर कळतो. मृग लागला की पेरणी, तेव्हा घरचा कर्ता माणूस गाडीत बसत नाही. त्यानं खानापूरकडची माणसं धरली, ज्यांची भाताची धूळवाफ पेरणी पावसाआधीच उरकलेली, आणि बाकी रिटायर मंडळी. आषाढी २०२५ ला ६ जुलैला होती, दोघं वारकरी होते, त्यांना पंढरपूर गाठायचं होतं, ते पण त्यानं बसवून दिलं. पण एवढं सगळं नक्षत्र बघून शेवटी पोचायला वार कुठला निवडावा, तर रविवार! पंचांग बघितलं आणि भिंतीवरचं साधं कॅलेंडर बघायचं राहिलं असा प्रकार. गाडीत नोकरीवाला जवळजवळ कुणी नव्हता, मंगळवारी बुधवारी नेलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. त्याचं म्हणणं, रविवार म्हटलं की सीटा पटकन भरतात. त्याच्या भरतात हो.

जाताना हुबळी, यल्लापूर, अंकोला आणि मग समुद्राकडेचा हायवे. अरबैल घाटात धुकं आणि पाऊस, पुढं शिरूर आलं तेव्हा गाडीत सगळे गप्प, २०२४ च्या जुलैत तिथं दरड कोसळली ती सगळ्यांच्या लक्षात होती. ड्रायव्हर मामा शांतपणे चालवणारा माणूस, ओव्हरटेकची खाज नाही, रात्री झोप आली तर कडेला घेऊन तोंड धुऊन येणार. मुरुडेश्वर दाखवलं, उडुपी दाखवलं, दोन्हीकडं पळापळ. माझं मत विचाराल तर उडुपी काढून टाका आणि तो वेळ म्हाताऱ्यांना झोपायला द्या. कासरगोडपर्यंत कन्नडवर भागतं, पुढं अवघड. पॅकेजमध्ये लिहिलेलं की मल्याळम येणारा माणूस सोबत असेल, जो आला त्याला तमिळ येत होतं, ते पण पिक्चर बघून शिकलेलं असावं असा मला संशय.

तलशेरीला मुक्काम होता, एका हॉलमध्ये गाद्या टाकून. बायकांची बाजू वेगळी, संडास स्वच्छ, पण पंखे कमी आणि ओले कपडे काही केल्या वाळत नाहीत. रेल्वेनं येणाऱ्यांना पण तलशेरी सोयीचं, तिथून कोट्टियूर साठेक किलोमीटर, कूत्तुपरंबावरून केळकम आणि पुढं. कागदावर दीड-दोन तास. आम्ही रविवारी सकाळी उजाडायच्या आत निघालो तरी केळकमच्या अलीकडंच गाड्यांची जी रांग लागली ती हलेना, पुढं केए नंबरच्या, म्हणजे कर्नाटकातल्याच गाड्या एवढ्या की वाटावं आपण दावणगेरीला अडकलोय. शेवटी सगळे उतरून चालत निघाले. पाऊस धो धो, रस्त्याला फुटपाथ नाही, गुडघे दुखणाऱ्या दोन मावश्या, त्यांना रिक्षा बघून द्यायची ती त्या तमिळवाल्या पोरानं नाही तर रांगेतल्याच एका शिमोग्याच्या माणसानं बघून दिली. मालक फोनवर सांगतोय, हळूहळू जावा काही घाई नाही. घाई नाही हे खरं, पण हे शेवटचे काही किलोमीटरच तर अवघड आहेत, त्याच्यासाठीच माणूस पॅकेजचे पैसे देतो, मुरुडेश्वरला तर आमचा बारावीतला पोरगा पण आम्हाला घेऊन जाईल.

दर्शनाचं मात्र काय सांगू. बावलीत बुडी मारायची आणि ओल्या अंगानंच पुढं, चौथऱ्याभोवती पाणी आहे, तिरुवंचिरा म्हणतात त्याला, त्या पाण्यातूनच प्रदक्षिणा. वरून पाऊस, खाली पाणी, धूर, ओल्या पानांचा वास, आणि लोकांचा गोविंदा गोविंदा असा गजर, शंकराच्या जागी गोविंदा कसा म्हणून आमचे आण्णा पहिल्यांदा गोंधळले आणि मग त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. गर्दीनं चेंगरल्यासारखं झालं, लिंग दिसलं ते क्षणभर, तरी एकानं पण तक्रार केली नाही. नदीला पाणी जास्त असेल तर काठावरच तांब्यानं अंघोळ करा, दगड शेवाळलेले असतात, तिथं शूरपणा नको. येताना प्रत्येकानं ओडप्पू घेतलं, कोवळा बांबू ठेचून पांढऱ्या झुपक्यासारखं करतात, दक्षाची दाढी म्हणून दारावर लावायचं. गाडीच्या आरशाला एक, खिडक्यांना सात-आठ, आमची टीटी, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, लग्नाची दिसायला लागली.

आचाऱ्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गॅस, भांडी, तांदूळ, तूरडाळ सगळं घरून. केरळातला तो जाड लालसर भात आमच्या मंडळींच्या घशाखाली उतरत नाही, तेव्हा या माणसानं पेट्रोल पंपाच्या शेडमध्ये उभं राहून उप्पीट, संध्याकाळी आमटी-भात, आणि बेळगावातून आणलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, वर दही. एका रात्री सगळ्यांना लिंबू घालून कढत सार दिलं, निम्मी सर्दी तिथंच गेली. पुट्टू-कडला, म्हणजे वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि हरभऱ्याची उसळ, खायचं असेल तर तुमचे तुम्ही खावा, मी खाल्लं, मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी परश्शिनिक्कडवू, मुत्तप्पनचं देऊळ, नदीकाठी. तिथं देवाला सुकी मासळी आणि ताडी चालते, कुत्री आवारात मोकळी, हाकलायची नाहीत. प्रसादाला उकडलेलं कडधान्य, खोबऱ्याचा तुकडा आणि चहा. वारकरी दोघं बाहेर थांबले, चहा मात्र घेतला. हे ठिकाण पॅकेजमध्ये ठेवल्याबद्दल मालकाला एक नमस्कार, हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

परतीचा त्याचा प्लॅन होता पालचुरम घाटानं मानंतवाडी, तिथून म्हैसूर, चामुंडी करून घरी. ड्रायव्हर मामांनी साफ नाही सांगितलं, अरुंद घाट, पावसात माती खाली येते, गाडीत म्हातारी माणसं आहेत. पुढं बावली चेकपोस्टचा रस्ता पण जंगलातला, संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद, उशीर झाला तर रात्र गेटावर काढा. फोनवर दोघांचं बरंच वाजलं, मामांचं खरं झालं, आलो तसेच समुद्राकडनं परत. अर्धा मार्क याचाच.

पैशांचं: माणशी साडेसहा हजार ठरले, 'सगळं धरून'. अंकोल्यापर्यंत सगळं धरून होतं, मग परमिटचे वेगळे, पार्किंगचे वेगळे, ड्रायव्हर-भत्त्याचे वेगळे. तेव्हा बुकिंग करताना काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या, पोचायचा वार मधल्या आठवड्यातला आहे का बघा, आणि केळकमच्या पुढं म्हाताऱ्या माणसांची सोय कोण करणार त्या माणसाचा नंबर आधीच मागा. रेनकोट छत्रीपेक्षा बरा, आणि कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून.

आमच्या काकू पुढच्या खेपेला रेल्वेनंच म्हणतात. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस बेळगाववरून जाते, कण्णूरला उतरता येतं, पण आठवड्यातून एकदाच आहे, म्हणजे ती आणि बायकांच्या प्रवेशाचे दिवस जुळले तरच. आचारी तेवढा सोबत न्यायचा, असं त्यांनी त्याला गाडीतच सांगून ठेवलंय.