गोचीड-फवारणीचा वार्षिक करार, इंदूर: काम चोख, वेळापत्रक उसनं

पाचपैकी तीन तारे. फवारणीचे सगळे गुण दिले, कापले ते वेळापत्रकाचे.

कुत्रा असलेल्या घरांसाठीचा हा करार मार्च ते नोव्हेंबर दरमहा एक फेरी देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सुट्टी. कारण पत्रकातच छापलंय: दिवस लहान झाला की गोचीड सुप्तावस्थेत जातात. हे खरं आहे, पण युरोपातल्या इक्सोडिस रिसिनस या जातीसाठी. उन्हाळा सरताना रक्त पिऊन गळून पडलेली तिची निम्फ (पिल्लू आणि प्रौढ यांच्यामधली अवस्था) लांबत चाललेली रात्र ओळखते आणि कात टाकणं पुढच्या वर्षावर ढकलते. थंडी पडायच्या आधीच! इशारा मिळतो तो उजेडातून. बर्लिनला डिसेंबरात दिवस आठ तासांच्याही आत असतो, जूनमध्ये जवळजवळ सतरा तासांचा. इंदुरात तो पावणेअकरा ते साडेतेरा एवढाच हलतो.

आपल्याकडे कुत्र्यांवर दिसते ती तपकिरी गोचीड. उष्ण प्रदेशातला तिचा वाण दिवसाच्या लांबीवर अडत नाही. वाढीचा वेग ठरवते ती मुख्यतः ऊब. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा अंगणातली वाढ मंदावते, पण कुत्रा सोफ्यामागे झोपत असेल तर घरातलं चक्र सुरूच राहतं. त्यामुळे तीन महिन्यांची सुट्टी इथे परवडणारी नाही.

फवारणी मात्र खरंच चांगली. पाण्यात मिसळायची डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची पावडर वापरतात, आणि सच्छिद्र गिलाव्यावर तिचा थर पातळ औषधापेक्षा जास्त टिकतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडली की आडोसा शोधत भिंत चढते, म्हणून ही मंडळी दाराच्या चौकटीची वरची फट, विजेच्या पट्टीमागची जागा आणि छताची कड सोडत नाहीत. नुसती फरशी भिजवून जाणारे पुष्कळ आहेत.

दुसरी खोट दोन फेऱ्यांतल्या अंतराची. एक मादी फटीत हजारो अंडी घालते, औषधाने ती सगळी मरत नाहीत आणि उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत फुटतात. तिसाव्या दिवशी माणूस येतो तोवर सहा पायांची पिल्लं कुत्र्यावर चढलेली असतात. पहिल्या तीन फेऱ्या तरी एकवीस दिवसांच्या अंतराने हव्यात.

कुत्र्याचं औषध करारात नाही. पिल्लू, निम्फ आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत ही गोचीड एकेकदा रक्त पिऊन खाली उतरते, म्हणून घर आणि जनावर एकाच दिवशी साधायला हवं. फवारणीची तारीख आधी पशुवैद्यांना कळवा. मांजर असेल तर या औषधाबद्दल आधी त्यांनाच विचारा, कारण डेल्टामेथ्रिनच्या गटातली औषधं मांजरांना झेपत नाहीत.

करार घेणार असाल तर एकवीस दिवसांचं अंतर आणि जानेवारीतली एक घरातली फेरी सहीआधी लिहून घ्या.