बांबूचा घुमट उभारून देणारं महालातलं बिछायत केंद्र

मी आर्किटेक्चर शिकवते. यंदा आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचा विषय होता जागतिक मेळ्यांसाठी बांधलेली दालनं. 2010 च्या शांघाय एक्स्पोत भारताच्या दालनावर 35 मीटर व्यासाचा बांबूचा घुमट होता, सांचीच्या स्तूपाच्या आकारावर बेतलेला. मुलांना तसाच घुमट कॉलेजच्या मैदानात हवा होता, 20 फुटांचा.

चौकशी केली तिथे बहुतेक सगळे लोखंडी सांगाडा उभारून वर बांबूची चटई मारून द्यायला तयार होते. भार बांबूनेच पेलावा, असा आमचा हट्ट. नागपूरच्या महाल भागातल्या बिछायत केंद्राच्या, म्हणजे मंडप-सतरंज्या भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या भाऊंनी ड्रॉइंग नीट पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, उतरवाचा कधी?" काम यांनाच द्यायचं, हे माझं तिथेच ठरलं. 1851 च्या जागतिक मेळ्यासाठी लंडनला बांधलेलं लोखंड-काचेचं क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कातून सुटं करून सिडनहॅमला पुन्हा उभं राहिलं, ते सुट्या भागांतून जुळवलेलं होतं म्हणूनच. मेळ्याची इमारत बांधणाऱ्याच्या डोक्यात उतरवणी पहिल्या दिवसापासून असावी लागते.

यांचं खरं कसब कमानींत दिसलं. मैदानात खुंटी ठोकून, दोरी फिरवून चुन्याने पाव वर्तुळ आखलं. मानवेल जातीच्या बांबूच्या ओल्या कमच्यांची जुडी त्या रेषेवर खुंट्यांमध्ये वाकवायची, काथ्याने आवळायची आणि तशीच वाळू द्यायची. 16 च्या 16 कमानी त्या एकाच रेषेवर घडल्या, त्यामुळे कोणतीही कमान कुठेही बसत होती. क्रिस्टल पॅलेसचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन याने त्यासाठी 24 फुटांचं एकच माप धरून सगळे भाग त्यात बसवले होते. वर्गात मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवते, इथे मुलांनी ते हाताने केलं. एकजण खिळा घेऊन पुढे आला तेव्हा भाऊंनी त्याचा हात धरला. "बांबूले खिळा नाही चालत बेटा, फाटते तो." जिथे बोल्ट लागले तिथे आधी ड्रिलने भोक पाडलं. बांबू कापतानाही पेराच्या गाठीच्या जरा पुढेच करवत लावायची, म्हणजे टोक चिरत नाही.

आमचं मैदान काळ्या मातीचं. तिथे खड्डे खोदून, मुरूम भरून, चांगला कुटून मगच कमानींचे पाय रोवले. उद्घाटनाच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला. जाड कटांग बांबू उभे चिरून, आतल्या गाठी काढून त्यांनी पन्हळी केल्या होत्या. चटयांच्या दोन थरांमधल्या प्लास्टिकवरून ओघळलेलं पाणी त्या पन्हळींतून बाहेरच्या चरात गेलं आणि आतली मांडणी कोरडी राहिली. क्रिस्टल पॅलेसच्या छतावरचं पाणीही पोकळ लोखंडी खांबांतून खाली उतरायचं. सकाळी सगळ्या वर्गाला त्या चरापाशी उभं करून मी तो धडा पुन्हा घेतला.

विजेचं काम मात्र यांच्याकडून करून घेऊ नका. हॅलोजन चटईच्या फार जवळ लावले होते. सांगितल्यावर लगेच खाली घेतले, पण वाळलेल्या बांबूखाली ही गोष्ट सांगावी लागणं मला अजिबात पटलं नाही. खुर्च्या, सतरंज्या ठीक.

निम्मे पैसे आगाऊ घेतात, उरलेले उतरवणीनंतर. प्रत्येक कमानीवर रंगाने नंबर टाकलेला होता. त्याच क्रमाने त्या सोडवून ट्रकवर चढल्या आणि खड्डे बुजवूनच माणसं गेली. त्या कमानी आता त्यांच्या गोदामात आहेत, तेव्हा 20 फुटांचाच घुमट हवा असेल तर आधी त्यांची चौकशी करा. लग्नसराईत यांच्याकडे माणसं मिळत नाहीत. फोनवर समजावत बसण्यापेक्षा ड्रॉइंग घेऊन संध्याकाळी दुकानात जा, आणि मापं फुटांत लिहून न्या.