एक्साचं पातं की फिलर गेज? अरुंद भोकाच्या कुलपासाठी घरचा हूक

हूक म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडताना आतल्या पिना एकेक करून उचलायची, टोकाला वळलेली पोलादी पट्टी. बाजारातला तयार हूक साध्या कुलपात सरसर फिरतो आणि किल्लीच्या एखाद्या अरुंद, वळणदार भोकात दुसऱ्या पिनेपाशीच अडकून बसतो. कुलपं उघडायचा छंद असलेल्या प्रत्येकावर ही वेळ येते. मग मनात येतं, आपणच बारीक हूक घासून काढावा. आकाराचे कागदी नमुने हवे तेवढे मिळतात, कानस घरात असते. अडतं ते पोलाद कुठलं घ्यायचं इथे. एक्साचं पातं आणि फिलर गेजचं पातं, मी दोन्ही वापरून पाहिली आहेत, म्हणून लिहितोय. लिव्हरची कुलपं (पिनांऐवजी आत पट्ट्या असतात ती) यात धरलेली नाहीत, तिथे जागा मुबलक असते आणि अडचण निराळीच.

लायनस येल यांच्या १८६१ आणि १८६५च्या पेटंटांपासून पिनांचं तत्त्व (सगळ्या पिना ठरावीक उंचीवर आल्या की कुलपाचा आतला गाभा फिरतो) फारसं बदललेलं नाही. बदलत गेलं ते भोक. दोन्ही भिंतींच्या कडा मधली रेघ ओलांडून एकमेकींच्या पुढे येतात, त्यामुळे सरळ पट्टी सरळ आत जातच नाही. अशा ठिकाणी हूक दोन अंगांनी बारीक लागतो. जाडी कमी हवी, म्हणजे तो कडांमधून जाईल. उंचीही कमी हवी, म्हणजे पुढची पिन उचलताना मागची ढकलली जाणार नाही.

एक्साचं पातं (हॅक्सॉ म्हणा, दुकानदार एक्साच देतो) जवळपास फुकटच. कुठल्याही वर्कशॉपच्या कोपऱ्यात तुटकी पाती पडलेली असतात, आणि एका तुकड्यातून मुठीसकट अख्खा हूक निघतो. जाडी साधारण ०.६५ मिमी, हाताला भरीव लागते. बोटाखालची पिन नेमकी कधी बसली हे त्यातून चांगलं कळतं, निदान मला तरी कळायचं. रुंद भोकाच्या कुलपांना मी आजही तोच हूक काढतो.

पण अरुंद भोकाला ०.६५ जास्त होते. मग पातं चपट्या अंगाने घासायचं. हे काम कोणी सांगत नाही इतकं कंटाळवाणं आहे. ग्राइंडरवर धरलं तर क्षणात निळं पडतं, म्हणजे पाणी उतरलं. दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत बसलं तर एका हुकाला एक रविवार जातो. तोही मी दिला असता. माझा निकाल लागला तो वेगळ्याच गोष्टीवर.

स्वस्तातली लवचिक पाती असतात ना, त्यांत फक्त दातांची कड कडक केलेली असते. बाकीचं अंग मऊ ठेवतात, म्हणून तर ते वाकवलं तरी तुटत नाही. आणि हूक करताना आपण पहिलं काम काय करतो, तर दात घासून टाकतो! हातात उरतं ते मऊ लोखंड. हे मला खूप उशिरा कळलं. माझा हूक वाकला, मी सरळ केला. परत वाकला, परत सरळ केला. तिसऱ्यांदा टोक आतच राहिलं.

ते कुलूप आमच्या फ्लॅटच्या दाराचं होतं. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, हा छंदातला पहिला नियम मी इतरांना ऐकवत असे. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात बसली, मी किल्लीवाल्याला फोन केला. त्यांनी सोनाराच्या करवतीचं केसाएवढं पातं दातांच्या बाजूने आत सरकवून तुकडा ओढून काढला. माझा हूक उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “साहेब, दात घासलेत म्हणजे पोलादच घासून टाकलंत की.”

मग पूर्ण कडक पातं घ्यावं, असं कोणी म्हणेल. मीही घेतलं. ते वाकत नाही हे खरं, पण हातातून फरशीवर पडलं तरी दोन तुकडे होतात. बाय-मेटलचं, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं पातं या दोहोंपेक्षा बरं, कारण त्याची पाठ स्प्रिंग स्टीलची असते. जाडीचं रडगाणं मात्र तिथेही तेच.

फिलर गेज म्हणजे गॅरेजवाले इंजिनातल्या टॅपेटचा गॅप बघायला वापरतात तो पात्यांचा जुडगा. त्यात हे रडगाणं जन्मतःच संपलेलं असतं. माझ्याकडच्या सेटमध्ये ०.०५ ते १ मिमीपर्यंत वीस पाती आहेत, जाडी प्रत्येक पात्यावर कोरलेली. मला ०.४५ आणि ०.५ एवढीच दोन लागतात. पोलाद अख्ख्या अंगाने सारखं कडक असतं आणि चपट्या बाजूला कानस लावावीच लागत नाही, फक्त आकार काढायचा. दोन जाड पट्ट्यांमध्ये पातं व्हाइसमध्ये घट्ट धरायचं आणि हाताने घासायचं. कात्रीने कापायच्या फंदात पडू नका, कड मुरडते. नवा सेट घेतला तर अठरा पाती पडून राहतात, तेवढी तक्रार आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात सुटं पातं मिळालं तर बघा, पण गंज नीट तपासा.

दोष त्यातही आहेत. ०.४ मिमीच्या खाली गेलात तर ताठ पिनेखाली हूक पिळवटतो आणि पिन बसली की पोलाद वाकलं, हे बोटांना ओळखू येत नाही. मूठही नसते. मी दोन आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवतो. दिसायला भिकार, पण तासभर बोट दुखत नाही.

ज्याच्या हाताला जोर जास्त त्याला एक्साचं बाय-मेटल पातं कदाचित जास्त रुचेल, आणि पहिलाच हूक असेल तर बिघडवायला तेच स्वस्त. ताण द्यायची पट्टी (हूक चालू असताना गाभ्याला फिरवायचा जोर लावते ती) कशाचीही चालते. गाडीच्या जुन्या वायपरमधली स्टीलची पट्टी मला पुरली. अरुंद भोकात ती खालून न घालता वरच्या टोकाला, पिनांच्या बाजूने बसवा, म्हणजे हुकाला खालची सगळी जागा मोकळी मिळते.

माझा ०.५चा हूक दोन वर्षं झाली, तोच आहे. टोक एकदाही सरळ करावं लागलेलं नाही. सराव आता व्हाइसमध्ये धरलेल्या सुट्या सिलिंडरवरच (कुलपाच्या पिना असलेल्या आतल्या भागावर) चालतो, दाराच्या कुलपाजवळ हूक घेऊन जायला घरात बंदी आहे.