शिबिरांची ट्रंक: आधी स्कॅन, आधी स्मरणिका की आधी मुलाखती?

शाळेचं स्काउट पथक पन्नाशीला आलं की कुणीतरी कोठीतली ट्रंक उघडतं. आत डांबरगोळ्यांचा वास, विटलेले स्कार्फ, एखादं वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी), शिबिरांचे फोटो आणि दोन-चार लॉगबुकं. मग माजी विद्यार्थ्यांत वाद सुरू होतो: सगळं स्कॅन करू, स्मरणिका काढू, की जुन्या सरांच्या मुलाखती घेऊ? पैसा आणि सुट्टी दोन्ही मोजकी, त्यामुळे क्रम लावावा लागतो. आम्ही तो उलटा लावला होता.

स्कॅनिंग सर्वांना सोपं वाटतं. आम्ही अल्बम एका स्टुडिओत दिला, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आले आणि जरा मोठे केले की चेहऱ्यांच्या जागी नुसते ठिपके. पुन्हा पैसे मोजले. साधारण फोटोला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतं, लहान फोटोला ६०० ठेवा, आणि फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. रंगीत फोटो आधी घ्या. कृष्णधवल फोटो बहुधा त्यांच्यापेक्षा जास्त टिकतात. एवढं करून हाती आलं काय, तर शेकडो फाइली आणि एकाही पोराचं नाव नाही.

स्मरणिकेचं आकर्षण मी समजू शकतो. हातात धरता येते, घरोघरी जाते. छापलीत तर एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला जरूर पाठवा. प्रकाशकांनी प्रती पाठवाव्यात असा १९५४ चा कायदाच आहे. पण आपल्याकडच्या स्मरणिका कशा होतात ते ठाऊक आहेच: मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग जाहिराती, मग अध्यक्षांचं मनोगत, आणि शिबिरांच्या आठवणींना उरतात आठ पानं. त्यातही फोटोखालचं नाव चुकलं की ते पाचशे प्रतींत चुकतं.

मुलाखतींना जवळजवळ काहीच खर्च नाही. फोन सरांच्या जवळ ठेवायचा, पंखा बंद करायचा, आणि ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं न म्हणता हातात एक फोटो द्यायचा. आमच्या एका लॉगबुकात एवढंच लिहिलेलं: ‘तपासणी. तंबू क्र. ४, दहापैकी ३ गुण.’ सरांना ते वाचून दाखवलं तर हसत सुटले. म्हणाले, “अरे, तंबूभोवती चर खणायला सांगितला होता. यांनी खणला नाही, रात्री पाऊस आला, आणि वळकट्या तरंगायला लागल्या. मी तीन गुण दिले ते रडले नाहीत म्हणून!” मग चौथ्या तंबूतल्या सहाही जणांची नावं त्यांनी एका दमात सांगितली, संघनायकाच्या बापाच्या किराणा दुकानासकट.

मात्र सालाच्या बाबतीत आठवणीवर विसंबू नका. सरांनी तीन शिबिरं एकाच वर्षात घातली होती. तिथे कागदच हवा. प्रमाणपत्रावर ‘हिंदुस्थान स्काउट असोसिएशन’ असेल तर ते बहुधा ७ नोव्हेंबर १९५० च्या आधीचं, कारण त्या दिवशी देशातल्या स्काउट संघटनांच्या विलीनीकरणातून भारत स्काउट्सची संस्था उभी राहिली. गाइड्स, म्हणजे मुलींची संघटना, त्यात १९५१ च्या ऑगस्टमध्ये आली. आणि नावांचं म्हणाल, तर १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी घेतलेल्या पहिल्यावहिल्या शिबिरात नेमकी किती मुलं होती, यावरही एकमत नाही. तिथे ही गत, मग आपल्या तालुक्याच्या मेळाव्याचं काय!

माझं मत सरळ आहे. सर किंवा गाइडच्या बाई ऐंशीच्या पुढे असतील तर या महिन्यातच मुलाखत घ्या. फोनवर काढलेले कच्चे फोटो दाखवायला पुरतात. ट्रंकेला ओल किंवा वाळवी लागली असेल तर मात्र आधी सामान बाहेर काढा आणि स्कॅन उरका. स्मरणिका शेवटी, बत्तीस पानांची, आणि जाहिराती घ्यायच्याच असतील तर मलपृष्ठावर.

फोटोमागे नावं लिहायला मऊ पेन्सिल वापरा. आमच्यातल्या एका उत्साही गड्याने बॉलपेनने लिहिली, आणि आता ‘डावीकडून तिसरा’ हे अक्षर पुढच्या बाजूला त्या तिसऱ्याच्याच कपाळावर उमटलंय.