जमिनीला ऐकू जाणारा कर्णा

कॅनडातील अनिशिनाबे या आदिवासी समाजातील कलावंत रेबेका बेलमोर यांची १९९१ सालची कर्ण्याची कलाकृती पाहताना प्रथम नजरेत भरतो तो तिचा आकार. माणसाच्या उंचीहून रुंद तोंडाचा हा लाकडी कर्णा सभेत नव्हे, तर मोकळ्या माळावर ठेवला जातो आणि बोलणाऱ्याने त्यातून थेट भूमीशी, म्हणजे आपल्या आईशी बोलावे, अशी अपेक्षा असते. या कलाकृतीमागे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ओका गावचा १९९० चा संघर्ष आहे. तिथल्या मोहॉक या आदिवासी लोकांची पाइन झाडांची राई आणि दफनभूमी यांवर गोल्फचे मैदान वाढवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी ७८ दिवस वाट अडवून धरली होती.

मला या कृतीचे मोठेपण एका साध्या निर्णयात दिसते. ज्यांची जमीन गेली त्यांच्याबद्दल कलावंत स्वतः बोलत नाही. ती कर्णा त्यांच्याच हाती देते आणि बाजूला होते. कॅनडातीलच बॅन्फ या गावाजवळच्या डोंगरांत पहिल्यांदा हे घडले, तेव्हा डोंगरावरून परतणारा प्रतिध्वनी हाही सादरीकरणाचाच भाग झाला. (आपल्याकडेही भूमीला माता म्हणतात, पण तिच्याशी मोठ्याने बोलायला कितीजण धजतील?) पुढे १९९६ मध्ये हा कर्णा ओटावातील संसदेसमोरही नेला गेला.

दालनात मूकपणे मांडलेला कर्णा मात्र मला अपुरा वाटतो, कारण भोवती माती नसली आणि कुणी बोलत नसले, तर उरते ते केवळ उत्तम सुतारकाम.